कोकणातील बंद घराच्या परसात टिकणारी फुलझुडपे

परसदार

नमस्कार. दापोली तालुक्यात समुद्रापासून थोडे आत आमचे वडिलोपार्जित घर आहे. आम्ही पुण्यात राहतो, त्यामुळे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर बंदच असते. शेजारचे काका आठवड्यातून एकदा येऊन दिवा लावतात आणि झाडांना पाणी घालतात. त्यांच्या वयाकडे पाहता यापेक्षा अधिक काही त्यांच्याकडून अपेक्षिणे मला बरे वाटत नाही. घरापुढे खळे, म्हणजे अंगण, आणि मागे परसू आहे, खाली सगळा जांभा. माती कोठे हातभर, तर कोठे जेमतेम वीतभर. एप्रिलच्या मध्यानंतर विहीर तळ गाठते. पावसाळ्यात खारा वारा आणि वर्षभर वानरे आहेतच.

अशा जागेत फुलझाडे लावायची आहेत. गुलाब, शेवंती यांचा विचार मी कधीच सोडून दिला आहे. माझ्या मते कोकणातल्या जुन्या घरांभोवती जी झुडपे दिसतात, म्हणजे जास्वंद, तगर, कण्हेर, अनंत आणि एक्झोरा, तीच खरी काटक आहेत आणि रोपवाटिकांतून मिळणारी नवी नावे आपल्या कामाची नाहीत. काकांना देवपूजेसाठी वर्षभर दोन-चार फुले मिळावीत आणि आम्ही गेल्यावर घर ओसाड दिसू नये, एवढीच इच्छा आहे. माझी यादी बरोबर आहे का? ज्यांनी कातळावर झाडे लावली आहेत त्यांचे अनुभव वाचायला विशेष आवडेल.

कातळकर

यादी वाईट नाही, परंतु कातळावर झाड जगते की मरते हे यादीपेक्षा खड्ड्यावर अधिक अवलंबून असते, म्हणून आधी खड्ड्याविषयी लिहितो.

आमच्या रत्नागिरीकडे पहारीने दोन-दोन फुटांचा खड्डा खणून त्यात बाहेरून आणलेली लाल माती आणि शेणखत भरण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात हे फार छान दिसते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सलग कातळात खणलेल्या खड्ड्याला खाली वाट नसेल तर तो जुलैमध्ये हौदासारखा भरतो आणि झाडाची मुळे त्यात कुजतात. लोक म्हणतात की झाड उन्हाने मेले. प्रत्यक्षात ते पावसाने अर्धे मेलेले असते आणि उरलेल्या मुळांना उन्हाळा झेपत नाही. यासाठी खड्डा खणल्यावर त्यात दोन कळश्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी तसेच साठून असेल तर उताराच्या बाजूने एक चर फोडून द्यावा, किंवा सरळ कातळावरच दगडांचा गोल गडगा रचून त्यात माती भरावी आणि झाड उंचावर लावावे.

खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणे उपडी न ठेवता उताणी, म्हणजे पोकळ बाजू वर करून, दोन थरांत रचावीत. ती पाणी धरून ठेवतात आणि काही वर्षांत हळूहळू कुजून जातात. तोवर झाडाची मुळे कातळाच्या भेगा शोधून घेतात.

लागवड पहिला पाऊस स्थिर झाल्यावर, शक्यतो जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. त्यामुळे झाडाला मुळे पसरायला चार महिने मिळतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्याचे पाणी पुरेल, मात्र आळ्यात भाताचा पेंढा किंवा पाचोळा वीतभर जाड पाहिजे. तिसऱ्या वर्षापासून तगर आणि कण्हेर यांच्याकडे कोणी बघितले नाही तरी चालते. अनंताबाबत मला तसे म्हणवत नाही.

भीमाकाठ

मी सोलापूरचा. कातळकरांच्या खड्ड्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, कारण आमच्याकडे कोकणाच्या पाव हिश्श्याहूनही कमी पाऊस पडतो. पण 'जुनी झुडपे तीच काटक' हे परसदार यांचे विधान मला सरसकट मान्य नाही.

त्यांच्या यादीतील एक्झोरा घ्या. कोकणात आणि गोव्यात तो कुंपणाला आपोआप वाढतो. तोच एक्झोरा आमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लावला आणि बोअरचे जड पाणी दिले की त्याची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाच्या कमतरतेचा नमुना आहे. गंमत अशी की जमिनीत लोह असते, परंतु सामू (pH) आठच्या आसपास गेला की ते विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. एक्झोरा आणि अनंत या दोघांनाही आम्लधर्मी जमीन लागते. जांभ्याची माती तशीच असते, म्हणून ती झाडे तुमच्याकडे काटक ठरतात. उलट कण्हेर मात्र चुनखडी, खारटपणा आणि दुष्काळ हे सर्व सोसते, म्हणून ती दापोलीतही चालेल आणि सोलापुरातही.

तात्पर्य एवढेच की काटकपणा हा केवळ झाडाचा गुण मानला तर फसगत होते; ती झाड आणि जमीन यांची जोडी असते. ज्यांना घाटावर एक्झोरा हवाच आहे त्यांनी तो कुंडीत लावावा, पावसाचे पाणी साठवून घालावे आणि पाने पिवळी पडलीच तर एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून, त्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकून, संध्याकाळी पानांवर फवारावे. फरशीवर थेंब पडू देऊ नयेत. तांबूस डाग निघत नाहीत आणि घरातले वातावरण बिघडते.

सायलीची_आई

पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होत असेल तर तेही लोहच समजावे का? माझ्या ठाण्यातील गच्चीवरच्या जास्वंदीला तसे होते आहे.

भीमाकाठ

नाही. लोह झाडात एका जागेवरून दुसऱ्या जागी सहज हलत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांत आधी दिसते. नत्र हलते, ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते आणि खालची पाने पिवळी पडतात. कुंडीतील जास्वंदीला बहुधा शेणखत किंवा पेंड यांची गरज असावी. फार पाणी साचत असेल तरीही असेच दिसते, तेव्हा आधी कुंडीचे भोक बुजलेले नाही ना, ते पाहावे.

वाडीतला_वानर

धाग्यात जास्वंदीचा उल्लेख आल्यामुळे मी उपस्थित झालो आहे. कळ्या साधारण किती वाजता उमलतील, हेही कृपया कळवावे.

परसदार

@वाडीतला_वानर, आपण आमच्याकडे नेहमी उमलण्यापूर्वीच येता, त्यामुळे वेळ सांगण्याचा प्रसंगच आलेला नाही.

गोठेवाला

मी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो आहे. वानरे खात नाहीत, गुरे खात नाहीत, म्हणून कण्हेर लावा असा सल्ला या धाग्यात पुढे कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

तांबडी-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही दोन वेगळी झाडे आहेत. परंतु दोन्हींच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. गुरे ताजी पाने कडवटपणामुळे सहसा टाळतात हे खरे आहे. धोका असतो तो छाटलेल्या, वाळलेल्या आणि चाऱ्यात मिसळलेल्या पानांचा. माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिलेल्या विषबाधांत जनावर झाडावर चरलेले जवळजवळ कधीच नसे. कोणीतरी कुंपण छाटलेले असे आणि फांद्या गोठ्याजवळ टाकलेल्या असत. अशा वेळी नाडी मंदावते, ठोके चुकतात आणि उपचाराला फार थोडा अवधी मिळतो.

कोकणात आणखी एका गोष्टीची भर पडते. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, आपण पालापाचोळा आणि कवळे, म्हणजे तोडलेल्या पालेदार फांद्या, गोळा करतो. त्यात कण्हेरीच्या फांद्या जाऊ देऊ नयेत, कारण तिचा धूरही अपायकारक असतो. छाटणी झाल्यावर फांद्या एका बाजूच्या खड्ड्यात पुरून टाकाव्यात. झाड विहिरीच्या काठावर तर मुळीच नको, कारण पाने पाण्यात पडत राहतात. आणि बिट्टीच्या बिया मुले खेळायला घेतात, त्यामुळे ज्या घरात सुट्टीत लहान मुले येतात तेथे मी बिट्टी लावणार नाही.

देवळाचा_वाटसरू

गोठेवाला यांच्या ज्ञानाविषयी आदर ठेवून लिहितो की ही भीती थोडी अवाजवी वाटते. आमच्या गावात प्रत्येक देवळाच्या आवारात कण्हेर आहे, महादेवाला रोज ती फुले वाहिली जातात आणि महामार्गांच्या दुभाजकांवर तर मैलोन्‌मैल तीच लावलेली असते. विषारी म्हणून काढायला लागलो तर रुई, धोत्रा, घाणेरी आणि एरंड यांनाही काढावे लागेल, आणि मग परसात उरणार काय?

गोठेवाला

काढा असे मी म्हटलेले नाही. कोठे लावावी आणि छाटल्यावर काय करावे हे सांगितले. दुभाजकावर ती लावतात त्याचे एक कारणच हे आहे की भटकी गुरे तिला तोंड लावत नाहीत आणि धूर, धूळ, ऊन सगळे ती सोसते.

देवळांचे म्हणाल तर केरळातील उदाहरण ताजे आहे. तेथे एका तरुणीने कण्हेरीची पाने किंवा फूल चघळल्यामुळे तिचा मृत्यू झाला असावा असा संशय व्यक्त झाल्यानंतर तेथील बरीच देवळे सांभाळणाऱ्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे २०२४ मध्ये नैवेद्यात आणि प्रसादात ही फुले वापरणे थांबवले. फूल देवाला वाहणे आणि ते प्रसादासोबत हातावर येणे यांत फरक आहे, आणि तो मंडळाने ओळखला. आपणही तेवढाच ओळखावा.

देवळाचा_वाटसरू

हे माहीत नव्हते. विहिरीजवळ आणि गोठ्याजवळ नको, हे मान्य. दुभाजक मात्र माझाच राहिला.

सड्यावरून

सगळेजण बाहेरून आणून लावण्याच्या झाडांची चर्चा करीत आहेत, तेव्हा मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आपोआप वाढणाऱ्या झुडपांची बाजू मांडतो.

ज्या जागेत उन्हाळ्यात विहीर आटते तेथे, तो उन्हाळा हजारो वर्षे सोसलेली झुडपे का लावू नयेत? धायटीचे उदाहरण घ्या. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे सगळे वाळून गेलेले असताना, तिच्या फांद्या शेंदरी-तांबड्या नळीसारख्या फुलांनी भरून जातात आणि शिंजीर पक्षी दिवसभर त्यांवर लटकलेले असतात. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी हीच फुले वापरतात. पांढरा कुडा एप्रिल ते जून सुगंधी फुलांनी लदबदतो. करवंदीची जाळी फुलली की तिचा वास वाडीभर पसरतो, मे महिन्यात करवंदे मिळतात आणि काट्यांमुळे वईचे, म्हणजे कुंपणाचे, काम आपोआप होते. भारंगी पावसाळ्यात निळसर-जांभळी फुलते, आणि तिच्या कोवळ्या पानांची आणि फुलांची भाजी होते, जी आपल्या यादीतील एकाही झाडाची होत नाही. निर्गुडी आणि अडुळसा यांना गुरे तोंड लावत नाहीत, शिवाय दोन्ही घरगुती औषधाला उपयोगी पडतात.

आणि एक विनंती. घाणेरीला, म्हणजे टणटणीला, कोणीही काटक फुलझुडूप म्हणून सुचवू नये. ती काटक आहे यात वादच नाही. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून ती शोभेसाठी भारतात आणली गेली आणि आज देशभरातील जंगलांत तिने खालचा सगळा थर व्यापला आहे. बी पक्षी पसरवतात. तिची पाने खाल्लेल्या गुरांच्या यकृताला इजा होते आणि नंतर उन्हात त्यांची कातडी भाजल्यासारखी होते, हे गोठेवाला अधिक चांगले सांगतील. रोपवाटिकांत मिळणाऱ्या तिच्या रंगीत, ठेंगण्या जातींविषयीही मी सावधच राहीन.

गोठेवाला

घाणेरीविषयीचे प्रत्येक वाक्य बरोबर आहे.

पुणेरी_माळीण

@सड्यावरून, धायटी मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, परंतु परसदार यांनी काय विचारले आहे ते पुन्हा वाचावे. त्यांना काकांच्या पूजेसाठी वर्षभर फुले हवी आहेत. धायटी वर्षातून तीन-चार महिने फुलते, कुडा त्याहून कमी, आणि उरलेल्या काळात ती साधी हिरवी, किंवा उन्हाळ्यात चक्क बोडकी, झुडपे असतात. घर ओसाड दिसू नये ही जी दुसरी इच्छा आहे, तिला पानगळ झालेला कुडा फारशी मदत करणार नाही. शिवाय ही रोपे मिळणार कोठे? सड्यावरून उपटून आणलेली धायटी बहुधा जगत नाही, आणि उपटून आणू नयेच.

कारवी लावावी असे मात्र तुम्ही सुचवले नाही, याबद्दल आभार. सात-आठ वर्षांनी एकदा येणाऱ्या फुलांची वाट पाहत काका बसणार नाहीत.

सड्यावरून

आक्षेप अर्धा मान्य आहे. पूजेची फुले तगर-जास्वंदीकडून घ्यावीत आणि वईच्या कडेने रानझुडपे लावावीत. दोन्हींत भांडण लावण्याची गरज नाही. रोपांविषयी सांगायचे तर धायटीचे बी अत्यंत बारीक असते. एप्रिलच्या आसपास बोंडे वाळली की ती गोळा करून त्यांतले बी बारीक वाळूत मिसळावे आणि पसरट ट्रेमध्ये वर माती न टाकता पेरावे. करवंदाचे बी मात्र फळातून काढल्यावर लगेच पेरावे. ठेवून दिले की त्याची उगवण झपाट्याने कमी होते. वन विभागाच्या रोपवाटिकांतही जूनच्या सुमारास यांतील काही रोपे मिळतात.

सिंगापूरकर_मावशी

बोगनवेलीचे नाव अजून कोणी कसे घेतले नाही? मी सिंगापूरला राहते. १९६७ मध्ये या शहराला उद्याननगरी करण्याचे धोरण जाहीर झाले आणि पुढे रस्त्यावरच्या पादचारी पुलांच्या दोन्ही कठड्यांना लांबट कुंड्यांतून बोगनवेल लावली गेली. आजही ती पुलांवरून जांभळी, गुलाबी अशी ओसंडत असते.

त्यामागचे तंत्र दापोलीला उपयोगी पडेल असे वाटते. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्यात ज्याला आपण फूल समजतो ती रंगीत पाने असतात आणि खरे फूल म्हणजे त्यांच्या मध्यभागी असलेली लहानशी पांढरट नळी. पाणी आणि खत मुबलक मिळाले की ती केवळ पाने वाढवते. येथे तर वर्षभर पाऊस पडतो, म्हणजे तिने खरे तर फुलायलाच नको. परंतु पुलावरील उथळ कुंड्यांत मुळांना जागा नसते, पाणी लगेच वाहून जाते आणि त्या ताणामुळे ती फुलते. तुमच्या कातळावर वीतभर मातीची जी जागा तुम्ही निरुपयोगी समजत आहात, ती बोगनवेलीला सर्वांत उत्तम आहे. पावसाळ्यात ती हिरवी राहील आणि डिसेंबरपासून मेपर्यंत, नेमके पाणी नसताना, रंगेल.

एक सूचना मात्र करते. कुंड्यांखाली ताटल्या ठेवू नयेत. येथे डासांची पैदास आढळली तर घरमालकाला दंड होतो. तुमच्याकडे दंड होणार नाही, पण बंद घरातील साचलेल्या पाण्याचा त्रास शेजाऱ्यांना होईल.

कातळकर

मावशींनी लिहिलेले पटते. आमच्या शेजाऱ्यांची बोगनवेल घराच्या चौथऱ्याला लागून, जेथे गवतसुद्धा नीट उगवत नाही अशा फटीत आहे आणि उन्हाळ्यात कौलांपर्यंत रंगते. फक्त तिच्या काट्यांमुळे ती पायवाटेपासून दूर हवी, आणि छाटणी पावसाळा संपल्यावर एकदाच, ऑक्टोबरमध्ये करावी, म्हणजे नव्या फांद्यांवर रंग येतो.

म्हापश्याची_शुभा

आमच्या गोव्यात एक्झोराला पिटकोळी म्हणतात. लहानपणी आम्ही तिची पिकलेली गर्द तांबडी फळे खात असू. चव सौम्य गोड असते. कोकणातील कोणत्याही घरासाठी मी पहिली पसंती तिलाच देईन, कारण तांबडी देशी जात मूळची याच दक्षिण भारतातील आणि श्रीलंकेतील आहे, आणि जांभ्याच्या झुडपी रानात ती कोणी पाणी न घालता वाढते. मात्र रोपवाटिकेत मागताना सांभाळावे. ठेंगण्या, बारीक पानांच्या ज्या संकरित जाती कुंपणासाठी विकल्या जातात त्या सुंदर दिसतात, पण त्यांना नियमित पाणी आणि छाटणी लागते. जुन्या घराजवळची, माणसाच्या उंचीची, मोठ्या पानांची पिटकोळी शोधून तिच्यापासून रोप करावे.

तिच्या फुलांवर मोठी फुलपाखरे येतात, कारण फुलाची नळी लांब आणि अरुंद असते आणि तिच्या तळाचा मध लांब सोंडेच्या कीटकालाच गाठता येतो. नीलवंत, म्हणजे २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले काळे-निळे मोठे फुलपाखरू, आमच्या पिटकोळीवर पावसाच्या उघडिपीत हमखास दिसते.

अबोली सावलीत, तुळशीच्या आसपास लावावी. ती आठवड्याच्या पाण्यावर उन्हाळा काढील असे मी खात्रीने सांगणार नाही, पण तिच्याशिवाय कोकणातले अंगण मला तरी अपुरे वाटते.

सायलीची_आई

फुलपाखरांवरून आठवले. माझ्या तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आहे. तिच्या डोक्याजवळ दोन निळे डोळे रंगवल्यासारखे दिसतात आणि दोन फांद्या तिने पूर्ण उघड्या केल्या आहेत. फवारणी करावी का?

सड्यावरून

ती कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणाऱ्या मोठ्या हिरव्या पतंगाची अळी आहे. ते डोळे खरे नसून शत्रूला घाबरवण्यासाठी आहेत. तगर पुन्हा फुटते, त्यामुळे फवारणीची गरज नाही. फारच सहन होत नसेल तर ती अळी उचलून कण्हेरीवर सोडावी. थोड्याच दिवसांत ती खाली उतरून पाचोळ्यात कोष करील.

नाशिकची_गच्ची

जास्वंदीविषयी अजून कोणी स्पष्ट बोललेले नाही. माझ्या मते बंद घरासाठी जास्वंद हे यादीतील सर्वांत कमकुवत झाड आहे आणि त्याचे कारण वानरे नसून पिठ्या ढेकूण आहे. शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला, पाने आकसू लागली आणि खोडावरून मुंग्यांची रांग सुरू झाली की आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाच्या लक्षात येईपर्यंत झाड भरून गेलेले असते. मुंग्यांना त्या किडीचा गोड स्राव हवा असतो, म्हणून त्या तिला शत्रूंपासून राखतात.

मेक्सिकोकडून आलेला पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत आढळला आणि पपई, तुती यांच्याबरोबर जास्वंदीवरही पसरला. रासायनिक फवारण्या त्याच्या मेणाच्या आवरणापुढे फारशा चालल्या नाहीत. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून एसरोफॅगस पपायी नावाचा सूक्ष्म परोपजीवी कीटक आणून सोडण्यात आला आणि त्यानंतर ही कीड आटोक्यात आली. म्हणूनच परसात दिसेल त्या कीटकावर जहाल औषध मारू नये. आपला मित्रही त्यात मरतो. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी घालून, ढवळत ढवळत, संध्याकाळी फवारावे आणि फार भरलेले शेंडे सरळ कापून टाकावेत.

म्हापश्याची_शुभा

जास्वंद पूर्णपणे बाद करू नये. एकेरी पाकळ्यांची जुनी तांबडी जास्वंद आणि अलीकडच्या ताटाएवढ्या फुलांच्या रंगीत संकरित जाती यांच्या ताकदीत मोठा फरक आहे. जुनी जात दरवर्षी कमरेइतकी छाटली तर नव्या फुटीवर भरपूर फुलते आणि कीड आली तरी सावरते. गणपतीच्या सणाला घरात जास्वंद नाही, ही कल्पना मला करवत नाही.

वाडीतला_वानर

या प्रतिसादाला आमच्या कळपाचा एकमताने पाठिंबा आहे.

संत्रानगरीतून

कामिनी, म्हणजे कुंती, कोणी सुचवली नसली तरी ती सुचवली जाईलच, म्हणून नागपूरहून एक टीप देतो. तिची चमकदार पाने आणि पावसाच्या सरीनंतर एकदम येणारा सुगंधी बहर मोहक असतो. परंतु ती लिंबूवर्गीय कुळातील आहे आणि संत्र्या-मोसंबीवरचा सिट्रस सिल्ला तिच्यावर आनंदाने वाढतो. हाच कीटक लिंबूवर्गीय झाडे खंगवणारा ग्रीनिंग रोग पसरवतो. ज्यांच्या परसात चार लिंबे असतील किंवा शेजारी बाग असेल त्यांनी कामिनीच्या कोवळ्या फुटीवर लक्ष ठेवावे. कढीपत्त्यालाही हे लागू आहे, पण कढीपत्ता लावू नका असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही.

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून माझी यादी बदलली आहे, ती लिहितो. चूक असल्यास सांगावे.

मागील परसात, जेथे हातभर माती आहे, तेथे दोन तगरी आणि जुन्या जातीची पिटकोळी. काकांची रोजची फुले मुख्यत्वे यांतून मिळतील. एक जुनी तांबडी जास्वंद पडवीच्या अगदी जवळ, म्हणजे निदान आम्ही असताना वानरांवर लक्ष राहील. पश्चिमेकडील गडग्याला, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर, तांबडी कण्हेर; विहीर आणि शेजाऱ्यांचा गोठा दोन्ही तेथून विरुद्ध दिशेला आहेत. खळ्याच्या कोपऱ्यात कातळावर बोगनवेल. मागच्या वईला करवंद आणि रोपे मिळाल्यास धायटी. बिट्टी आणि कामिनी रद्द. अनंताविषयी मन तयार होत नाही, कारण तो आजीने लावलेला होता.

दोन शंका उरतात. कण्हेर एकटी वारा अडवील का? आणि अनंत जगवायचाच असेल तर कोठे लावावा?

कातळकर

कण्हेर वारा सोसेल, पण ती खालून उघडी होत जाते. तिच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, कडू कोयनेलची दाट रांग लावावी. ती खाडीकाठच्या खारट चिखलातसुद्धा वाढते, छाटली की दाट होते आणि तिला लांब जांभळ्या पुंकेसरांची नाजूक पांढरी फुले येतात. मात्र तिच्या खाली टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटतात, त्यामुळे वर्षातून एकदा तिला आवरावे लागते.

अनंत पूर्वेला, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल असा लावावा. न्हाणीघराचे सांडपाणी जेथे जाते त्या बाजूला लोक लावतात, पण साबणाचे पाणी त्याला मानवत नाही आणि बंद घरात न्हाणीचे पाणी असणार तरी कोठून? त्यापेक्षा त्याच्या आळ्यात एक बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, काकांनी आठवड्याला ते भरून वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू झिरपत राहते. बाकी झाडांना हा लाड नको.

गोठेवाला

जागा योग्य निवडल्या आहेत. काकांना एवढेच सांगून ठेवावे की कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या शेजाऱ्यांनी मागितल्या तरी गोठ्याच्या कुंपणाला द्यायच्या नाहीत.

पुणेरी_माळीण

पिवळी कोरांटी राहून गेली आहे. पाऊस सरल्यावर थंडीभर ती फुलते, पाणी मागत नाही आणि काटेरी असल्यामुळे तिला कोणी त्रास देत नाही. करवंदाच्या मधल्या जागांत दोन-चार लावाव्यात.

परसदार

कोरांटी यादीत घेतली. रोपे विकत घेण्याऐवजी गावातूनच करावीत असे मनात आहे. तगर, कण्हेर आणि पिटकोळी तिन्ही फांदीवरून येतात का?

म्हापश्याची_शुभा

तगर आणि कण्हेर सहज येतात. जूनच्या पहिल्या पावसात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, चार-पाच डोळ्यांची फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि चीक वाहायचा थांबल्यावर वाळू-मातीत तिरकी रोवावी. कण्हेर कापल्यावर हात धुवावेत. पिटकोळीच्या फांद्यांना मुळे फुटायला फार वेळ लागतो आणि त्यांतील बऱ्याच कुजतात, म्हणून पावसाळ्यात तिचे गुटी कलम करावे: बोटभर रुंदीची साल गोल काढून, त्यावर ओले शेवाळ बांधून, वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळावे.

परसदार

शेवाळ दापोलीत मिळेल का, की पुण्याहून न्यावे लागेल?

कातळकर

न्यायची गरज नाही. सोडणांचा भुसा दोन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, घट्ट पिळून बांधला तरी चालतो. दोन-अडीच महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतील. ती तांबूस झाली की कलम फांदीपासून तोडावे. जूनमध्ये बांधलेत तर गणपतीला गेल्यावर तोडता येईल.